शातो द लोरिझाँ
शातो द लोरिझाँ : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आल्प-मारितीम जिल्ह्यात, व्हालोरिस नगरपालिकेच्या हद्दीत, कानच्या पूर्वेस सु. ५ किमी. वरील सागरतटीय निवासवास्तू. बांधकाम १९३२, वास्तुशिल्पज्ञ बॅरी डिअर्क्स. मिळकत खाजगी असून आत प्रवेश नाही.

मार्सेयहून इटलीच्या सरहद्दीकडे जाणारा लोहमार्ग येथे किनाऱ्याला इतका बिलगून जातो, की रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये खडकाळ जमिनीची केवळ एक अरुंद पट्टी उरते. या पट्टीवरच ही शुभ्र, सपाट गच्च्यांची इमारत उभी आहे. एका बाजूस आगगाडी आणि दुसऱ्या बाजूस भूमध्य समुद्र, या दोन सीमा कोणत्याही मालकाला ओलांडता आल्या नाहीत. वास्तूचा पुढील सर्व इतिहास या अडचणीच्या जागेशी निगडित आहे. गॉल्फ-झ्वाँ हे लगतचे बंदर, एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन १ मार्च १८१५ रोजी येथे उतरला म्हणून प्रसिद्ध आहे.

या किनाऱ्यास युरोपातील धनिक पूर्वी केवळ हिवाळ्यात येत आणि उन्हाळा लागताच घरे बंद करून निघून जात. १९२० नंतरच्या दशकात उन्हाळी समुद्रस्नानाची प्रथा रूढ झाली आणि तिला अनुरूप अशी नवी घरे उठू लागली. डिअर्क्स हा अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ या घरांचा प्रमुख रचनाकार होय. कानच्या पश्चिमेस तेऊल येथे त्याने स्वतःसाठी बांधलेले ‘ल त्रिदाँ’ हे घर पाहूनच अनेकांनी त्याच्याकडे काम सोपविले. प्रस्तुत वास्तूत खडकाच्या कडेवर खोदलेला जलतरण तलाव आणि त्यातून थेट समुद्रात उतरणारी घसरण ही त्याची कल्पकता विशेष उल्लेखनीय आहे, कारण जागेचा दोष त्याने येथे गुणात पालटला.

वास्तूची मूळ स्वामिनी मॅक्सीन एलियट (१८६८–१९४०) ही अमेरिकेतील मेन राज्यात जन्मलेली नामवंत नटी. न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली स्वतःच्या नावाचे नाट्यगृह उघडणाऱ्या, रंगभूमीवर मिळविलेला पैसा विचारपूर्वक गुंतवून श्रीमंत झालेल्या आणि पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील निर्वासितांना कालव्यावरील नौकेतून अन्नवस्त्र पुरविणाऱ्या या कर्तबगार स्त्रीचे नाव पुढे या वास्तूत झालेल्या एका विवाहाच्या मेजवानीच्या वर्णनांखाली झाकले गेले, हे न्याय्य नाही. कारण जागेची निवड, घराची कल्पना आणि तेथील अगत्याची रीत ही सर्व एलियटबाईंची होती. इंग्लंडमधील त्यांच्या हार्ट्सबर्न मॅनर या घरी जो परिवार जमे, तोच पुढे येथे येऊ लागला. विन्स्टन चर्चिल सत्तेबाहेर असतानाच्या काळात येथे अनेकदा मुक्कामास असत. सकाळी लेखन, दुपारी चित्रकला आणि घसरणीवरून समुद्रात उडी, असा त्यांचा क्रम असे. माजी ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि राज्यत्यागानंतरचे विंडसरचे ड्यूक हेही पाहुण्यांत होते. बाईंनी पाळलेल्या किकी नावाच्या लेमूरच्या खोड्या मात्र पाहुण्यांना सहन कराव्या लागत. मार्च १९४० मध्ये बाईंचे येथेच निधन झाले.

१९४८ मध्ये ही मिळकत प्रिन्स अली खान (१९११–६०) यांनी खरेदी केली. इस्माइली खोजांचे इमाम (धर्मप्रमुख) आणि पुण्याजवळ येरवडा येथील राजवाडा (१८९२) बांधणारे तिसरे आगाखान हे त्यांचे पिताजी. त्यामुळे मुंबईच्या खोजा समाजास हे घराणे सुपरिचितच होते. २७ मे १९४९ रोजी अली खान आणि चित्रपटतारका रीटा हेवर्थ यांचा विवाह झाला. फ्रेंच कायद्यानुसार विवाहाची नोंद नगरभवनात जाहीरपणे होणे आवश्यक असल्याने, घरीच विधी करण्याची वराची विनंती अमान्य झाली आणि व्हालोरिसचे कम्युनिस्ट नगराध्यक्ष पॉल देरिगों यांच्यापुढे राजपुत्राला हजर राहावे लागले. नंतरची मेजवानी मात्र या वास्तूत झाली; तलावाच्या पाण्यात अत्तर ओतले होते आणि फुलांनी रचलेली वधूवरांची आद्याक्षरे त्यावर तरंगत होती. १९५३ मध्ये घटस्फोट झाला. १९५७ मध्ये इमामपद पित्याच्या मृत्युपत्राने अली खान यांना डावलून त्यांचे पुत्र करीम यांच्याकडे गेले. १२ मे १९६० रोजी पॅरिसनजीक मोटार-अपघातात अली खान यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना याच वास्तूच्या आवारात दफन करण्यात आले. १९७२ मध्ये त्यांचे अवशेष सिरियातील सलमिया येथे हलविले गेले.

१९७९ मध्ये मिळकत सौदी अरेबियाच्या राजघराण्याकडे गेली आणि मूळ इमारतीत मोठी भर घालण्यात आली. जुलै २०१५ मध्ये राजे सलमान सु. एक हजारांच्या लवाजम्यासह येथे सुट्टीसाठी आले, तेव्हा वास्तूखालील मिरांदोल ही पुळण सुरक्षेच्या कारणास्तव लोकांना बंद करण्यात आली. तत्पूर्वी तेथे उद्वाहक बसविण्यासाठी वाळूत काँक्रीटही ओतले गेले होते. फ्रान्समध्ये समुद्रकिनाऱ्यावरील सार्वजनिक स्वामित्व चौदाव्या लुईच्या १६८१ च्या फर्मानापासून मान्य असून १९८६ च्या किनारा-अधिनियमाने सर्वांच्या वहिवाटीचा हक्क अधिक दृढ केला आहे. साहजिकच स्थानिक रहिवाशांनी हरकत घेतली आणि त्यांच्या निषेधपत्रावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. तीन आठवड्यांसाठी आलेले राजे आठवड्याभरातच तँजिअरला रवाना झाले व पुळण पुन्हा खुली झाली. राजाच्या सुरक्षेचे महत्त्व मान्य करूनही नागरिकांची बाजूच येथे सबळ ठरते, कारण खरेदीखताने घर हस्तांतरित होते. भरतीरेषेखालची वाळू मात्र कोणत्याही दस्ताने विकता येत नाही.

व्हालोरिस : वस्ती सु. २६,०००. कुंभारकाम व पर्यटन हे प्रमुख व्यवसाय. कडू संत्र्याच्या फुलांपासून अत्तर काढण्याचा धंदा आता अल्प प्रमाणात. पाब्लो पिकासो १९४८–५५ या काळात येथे राहून मातीकाम करीत असे. त्याचे ‘युद्ध आणि शांती’ (१९५२) हे चित्र येथील जुन्या गढीच्या प्रार्थनामंदिरात आहे. स्थानक : गॉल्फ-झ्वाँ–व्हालोरिस.