एमआरआयमधली सावली मोजण्याचा इतिहास

पोटाच्या एमआरआयमध्ये कधी कधी यकृताचा काही भाग उगाच काळपट दिसतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णांमध्ये हे जास्त आढळते. तो आजार नसतो. रेडिओ लहरी तिथे नीट पोहोचलेल्या नसतात. पण अशा सावलीत खरी गाठ लपू शकते, म्हणून ती मोजणे गरजेचे असते.

एमआरआय चालतो कसा ते थोडक्यात पाहू. मोठे चुंबक शरीरातल्या पाण्यामधील हायड्रोजनची केंद्रके एका दिशेने वळवते. मग रेडिओ लहरींचा झोत सोडून त्यांना ठरावीक कोनात कलवतात. यालाच फ्लिप अँगल म्हणतात. ९० अंश हवे असताना एखाद्या जागी ७० अंशच मिळाले, तर तिथला सिग्नल बदलतो.

१.५ टेस्लाच्या मशीनमध्ये या लहरींची शरीरातील लांबी साधारण अर्धा मीटर असते, त्यामुळे फारसा त्रास होत नाही. ३ टेस्लाला ती २५ ते ३० सेंटिमीटरवर येते, म्हणजे जवळजवळ पोटाच्या रुंदीइतकी. मग काही ठिकाणी लहरी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात.

हे मोजण्याची सोपी युक्ती १९९३ साली इन्स्को आणि बोलिंजर यांनी मांडली. एक चित्र एका कोनात घ्यायचे, दुसरे त्याच्या दुप्पट कोनात. दोन्हींच्या गुणोत्तरावरून खरा कोन कळतो. अडचण वेळेची होती. प्रत्येक झोतानंतर केंद्रके पूर्ववत होईपर्यंत थांबावे लागे, आणि इतका वेळ रुग्ण श्वास रोखू शकत नाही.

२००७ मध्ये यार्निख यांनी कोन एकच ठेवला आणि दोन झोतांमधला अवधी आलटूनपालटून लहान-मोठा केला. त्यामुळे पूर्ण थांबण्याची गरज संपली आणि संपूर्ण डोक्याचा त्रिमितीय नकाशा काही मिनिटांत मिळू लागला.

२०१० मध्ये सॅकोलिक आणि सहकाऱ्यांनी ७० वर्षे जुने भौतिकशास्त्र कामाला लावले. फेलिक्स ब्लॉख आणि आर्नोल्ड सीगर्ट यांनी १९४० साली दाखवले होते की, थोड्या वेगळ्या वारंवारतेची लहर केंद्रकांची लय किंचित सरकवते. ही सरकण लहरीच्या जोराच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि ऊतींच्या गुणधर्मांवर फारशी अवलंबून नसते, म्हणून मोजमाप अचूक येते. मात्र या जादा झोताने शरीरात उष्णता वाढते, त्यामुळे त्यावर मर्यादा ठेवावी लागते.

२०१२ मध्ये नेर्के आणि बोर्नर्ट यांनी ‘ड्रीम’ ही पद्धत आणली. तिच्यात एकाच झपाट्यात दोन प्रकारचे सिग्नल टिपतात आणि एका छेदाचा नकाशा सेकंदाच्या आत तयार होतो. आता पोटाचा नकाशाही एका श्वासात शक्य झाला.

याचा रुग्णाला उपयोग काय? काही तपासण्यांत चित्राबरोबर ऊतींचे आकडेही काढतात. वेगवेगळ्या फ्लिप अँगलच्या चित्रांवरून टी-वन हा आकडा काढताना कोनात १० टक्के चूक झाली, तर उत्तर सुमारे २० टक्के चुकते. नकाशा हाताशी असला, तर ही चूक दुरुस्त करता येते. दोन ठिकाणांहून लहरी सोडणाऱ्या मशीनमध्ये तर त्यावरून लहरींचा तोल आधीच साधता येतो.

म्हणून मुख्य स्कॅनच्या आधी मशीन काही सेकंद वेगळेच आवाज करत असेल, तेव्हाही हलू नका. ती तुमच्या शरीरानुसार मशीन जुळवण्याची तयारी असते.