पाण्यावरचा संसार

संसार म्हटला म्हणजे घर आले, अंगण आले, दारापुढची तुळस आली, अशी आपली समजूत असते. ती चुकीची नव्हे. परंतु सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद अशा एका नावेत बारा वर्षे संसार केलेल्या एका इंग्रज दांपत्याचा वृत्तान्त वाचनात आला, तेव्हा या समजुतीचा आम्हांस फेरविचार करावा लागला. तो वृत्तान्त ज्ञातिबांधवांस व विशेषतः भगिनींस सादर करावा, या हेतूने हा अल्पसा लेख लिहिला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे कालवा म्हणजे शेतीचे पाणी. इंग्लंडात मात्र कालवे खणले गेले ते मालवाहतुकीसाठी. सन १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कालवा सुरू होऊन त्याच्या खाणीतील कोळसा नावेने मँचेस्टरकडे जाऊ लागला. जेम्स ब्रिंडली या कारागिराने त्यात प्रमुख भाग घेतला आणि पुढे मध्य इंग्लंडातील अनेक कालव्यांची आखणी केली. चढउताराच्या जागी दोन दारांमध्ये पाणी कोंडून नाव वर चढवावयाची अथवा खाली उतरवावयाची, या योजनेस 'लॉक' म्हणतात. ती पाण्याची पायरीच होय. या पायऱ्या तेथे सुमारे सात फूट रुंदीच्या बांधल्या गेल्या, म्हणून नावाही तेवढ्याच अरुंद झाल्या.

पुढे आगगाडी आली आणि कालव्यांचे दिवस फिरले. वाहतुकीचे दर उतरले. नोकर ठेवणे परवडेना, तेव्हा नावाड्याने बायकामुलांनाच नावेवर घेतले. मालासाठी सारी जागा सोडून मागच्या बाजूस सुमारे दहा फुटांची एक खोली. तीतच चूल, तीतच अंथरूण, तीतच बाळंतपण. बापाचा धंदा मुलाने करावा, सोयरीकही बहुधा नावाड्यांतच व्हावी, अशी त्यांची रीत पडली. सतत फिरतीमुळे मुलांना शाळा मिळेना. सन १८७७ मध्ये पार्लमेंटाने कायदा करून अशा नावांची नोंदणी व त्यांत राहणाऱ्या माणसांची मर्यादा ठरविली. परंतु या लोकांचा इतिहास लिहावा, असे फारसे कोणास वाटले नाही. त्यांच्या नावांवर गुलाबाची फुले व किल्ले रंगविण्याची परंपरा मात्र टिकून राहिली.

अशा काळी टॉम रोल्ट या तरुण यंत्रविशारदाने 'क्रेसी' नावाची जुनी नाव आपल्या आप्तांकडून घेतली. ऑक्सफर्ड कालव्यावरील बॅनबरी गावच्या टूली यांच्या गोदीत त्याने ती राहण्याजोगी करून घेतली. नावेस फोर्ड मोटारीचे एंजिन होते; आत बैठकीची खोली, पुस्तकांची मांडणी, एवढेच नव्हे तर स्नानाचे टबही होते. जुलै १९३९ मध्ये त्याने अँजेला ऑरेड हिच्याशी विवाह केला. वधूपित्याची या विवाहास संमती नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस नवविवाहित जोडपे बॅनबरीहून निघाले. त्यांची वरात पाण्यावरून निघाली, असेच म्हणावयाचे!

नावेचा वेग ताशी तीन मैल, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाइतका. अशी नाव एकट्याच्या हातची नव्हे. एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने काठावर उतरून लॉकची अवजड दारे ढकलावी. एकाचे लक्ष चुकले तर दुसऱ्याचे श्रम वाया. दांपत्यजीवनास याहून समर्पक दृष्टान्त शोधूनही सापडणे कठीण.

दोन महिने लोटले नाहीत तोच महायुद्ध सुरू झाले. रोल्टला युद्धोपयोगी कामे पत्करावी लागली. काही काळ चेशायरमधील चर्च मिन्शल येथे गेला. पुढे सन १९४१ पासून टार्डेबिग येथे नाव पाच वर्षे नांगरून होती. या ठिकाणी तीस लॉकांची सलग रांग आहे. ब्रिटनमध्ये एवढी लांब रांग दुसरी नाही. पहिल्या प्रवासाचे वर्णन रोल्टने लिहून ठेवले होते. परंतु प्रकाशक ते परत करीत. अखेर सन १९४४ मध्ये 'नॅरो बोट' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युद्धाने थकलेल्या वाचकांनी तो उचलून धरला. नावाड्यांच्या कष्टांकडे व कलेकडे अनेकांचे लक्ष प्रथमच वळले.

ग्रंथ वाचून रॉबर्ट ऐकमन या लेखकाने रोल्टशी पत्रव्यवहार केला व सन १९४५ मध्ये तो टार्डेबिगला भेटीस आला. त्यातून सन १९४६ मध्ये अंतर्देशीय जलमार्गांच्या रक्षणार्थ संस्था स्थापन झाली. ऐकमन अध्यक्ष झाले, रोल्ट मानद चिटणीस. त्याच वर्षी रोल्ट दांपत्याने आयर्लंडातील कालवे व शॅनन नदी यांतून प्रवास केला. त्यावरील 'ग्रीन अँड सिल्व्हर' या ग्रंथातील छायाचित्रे अँजेलाने घेतलेली आहेत. सन १९४७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेन येथे एका पुलाने कालव्याची वाट अडविली होती. प्रकरण संसदेपर्यंत गेले. तेव्हा 'क्रेसी' त्या पुलापुढे जाऊन उभी राहिली, आणि रेल्वेच्या कामगारांना पूल उचलून वाट द्यावी लागली. सभेतील ठरावांनी जे होत नव्हते ते एका राहत्या नावेने करून दाखविले.

यापुढचा भाग सांगताना लेखणी जड होते. संस्थेत मतभेद माजले. प्रत्येक कालवा राखलाच पाहिजे, असा ऐकमनचा आग्रह. उपयोगी कालवे आधी राखावे व त्यांवर पोट भरणाऱ्या नावाड्यांना आधी जगवावे, असे रोल्टचे म्हणणे. सन १९५१ मध्ये रोल्टला संस्थेबाहेर व्हावे लागले. त्याच वर्षी पतिपत्नीही विभक्त झाली; अँजेलाने सर्कशीच्या तांड्याची वाट धरली. 'क्रेसी'चे लाकूड कुजले होते. तीही मोडीत निघाली. संस्था, संसार व नाव, तिन्ही एकाच वर्षी हातची गेली!

इतिहासाने कौल कोणास दिला? दोघांसही अर्धा अर्धा, असे आम्हांस वाटते. स्ट्रॅटफर्ड कालव्याचा बंद पडलेला दक्षिण भाग सन १९६४ मध्ये आणि केनेट व एव्हन कालवा सन १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. ऐकमनचा आग्रह फुकट गेला नाही. परंतु सन १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले, बहुतेक उरलीसुरली मालवाहतूक बंद पडली, आणि नावाडी कुटुंबे काठावर उतरून इतर समाजात विरून गेली. रोल्टची भीती खरी ठरली. पाणी राहिले, पाण्यावरची माणसे राहिली नाहीत. जातिवंत धंद्याचे साधन वाचले म्हणजे धंदा करणारे वाचतातच असे नाही, हा बोध आम्हांस मोलाचा वाटतो.

रोल्ट सन १९७४ मध्ये निवर्तला. टार्डेबिगच्या काठी आज त्याचा स्मृतिफलक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु पित्याचा रोष पत्करून त्या नावेत पाऊल टाकणारी, बारा वर्षे सात फुटांच्या घरात चूल पेटती ठेवणारी आणि प्रवासाची चित्रे टिपणारी अँजेला पुष्कळ वाचकांस ठाऊकही नसते. घराण्यांच्या हकीकती लिहिताना आपणही कर्त्या पुरुषांची नावे क्रमाने देतो व दुसरा हात विसरतो. सुकाणू धरणारा सर्वांना दिसतो. काठावर उतरून दारे उघडणाऱ्या हाताचीही नोंद व्हावी, एवढीच सुज्ञ वाचकांस आमची विनंती आहे.