उपवासाचं ताट: जुनं किती, नवं किती?

आषाढी एकादशी जवळ आली की दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. ‘उपवासाच्या दिवशी गोळी घेतली तर उपवास मोडतो का?’ आणि ‘साबुदाण्याने साखर वाढते हे कळतं हो डॉक्टर, पण परंपरा कशी मोडायची?’ प्रश्न तब्येतीचे आहेत, पण त्यांची बरीचशी उत्तरं इतिहासात आहेत. म्हणून आज उपवासाच्या ताटातले पदार्थ कुठून आणि कधी आले ते पाहू.

हेमाडपंतांना साबुदाणा माहीत नव्हता

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री, म्हणजे आपले हेमाडपंत, यांनी ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा मोठा ग्रंथ रचला. त्यातल्या व्रतखंडात वर्षभरातल्या असंख्य व्रतांची माहिती आहे. याच हेमाद्रींनी वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकीय ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीकाही लिहिली. म्हणजे व्रत आणि वैद्यक हे दोन्ही विषय एकाच माणसाने हाताळले होते.

पण या हेमाडपंतांनी साबुदाण्याची खिचडी कधी खाल्ली नाही. बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची, यांतलं काहीच त्यांच्या पानात नव्हतं. त्यांच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या जेवणाचं सविस्तर वर्णन आहे. तिथे तिखटपणासाठी मिरी आहे, मिरची नाही. कारण साधं आहे. या वनस्पती तेव्हा भारतात नव्हत्याच. त्या होत्या समुद्रापलीकडे, अमेरिका खंडात.

बोटीतून आलेला फराळ

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढच्या दोन-तीन शतकांत अमेरिकेतली पिकं बोटींमधून आपल्याकडे आली. मिरची, बटाटा, भुईमूग आणि आज आपण ज्याला रताळं म्हणतो तो कंद ही सगळी त्यातलीच. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला आहे. बटाटा आपल्याकडे सर्रास पिकू लागला तो तर इंग्रजी अमदानीत.

राजगिऱ्याचं नवल आणखी मोठं आहे. लाडू, वडी आणि पिठासाठी आपण जो दाणा वापरतो, त्याच्या जातीही मूळच्या अमेरिकेतल्या. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत, आणि स्पॅनिश राज्यकर्त्यांनी ती प्रथा दडपली. तिथे आजही फुलवलेला राजगिरा मधात किंवा पाकात घोळवून वड्या थापतात. त्यांना ‘अलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या वडीची ती बहीणच.

मग ताटात मूळचं जुनं काय उरलं? वरई म्हणजे भगर, शिंगाडा, सुरण, काकडी, केळं, दूध, दही, तूप, कोकणातलं आमसूल आणि महाशिवरात्रीच्या चटणीतलं कवठ.

साबुदाण्याची गोष्ट

‘साबू’ हा शब्द मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आला. मूळचा सागू हा आग्नेय आशियातल्या एका माडासारख्या झाडाच्या खोडातला स्टार्च. आपला साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या म्हणजे कसाव्याच्या कंदापासून बनतो, आणि हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. केरळात त्याची लागवड वाढली ती एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी प्रोत्साहन दिल्यावर. भाताला पर्याय म्हणून, दुष्काळात पोट भरावं म्हणून.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये मलाया, सिंगापूर आणि जावा जपानच्या ताब्यात गेले आणि तिकडून येणारा सागू व स्टार्च बंद झाला. त्या टंचाईत, १९४३च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. आजही आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तिकडूनच येतो. म्हणजे महाराष्ट्रात घराघरात होणाऱ्या या उपवासाच्या खिचडीमागे एक महायुद्ध आहे!

साबुदाणा बनतो कसा हेही समजून घ्या. कंद सोलून, किसून, पाण्यात धुतात. त्या दुधाळ पाण्यातला स्टार्च खाली बसतो. त्याच्या गोळ्या करून त्या गरम तव्यांवर भाजतात आणि वाळवतात. या खटाटोपात कंदातला चोथा निघून जातो. उरतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, ८५ ग्रॅमपेक्षा जास्त कर्बोदकं, आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. म्हणून मोठी बशीभर खिचडी खाल्ली की मधुमेह असलेल्यांची साखर झपाट्याने चढते. तेवढ्याच राजगिऱ्यात १३-१४ ग्रॅम आणि शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात.

हे सगळं उपवासाला चाललं कसं?

याचा धागा ऋषिपंचमीत सापडतो. भाद्रपदातल्या त्या दिवशी बैलाच्या श्रमावर पिकलेलं खायचं नाही असा नियम. नांगरटीचं धान्य नको. कंद, पाला, फळं चालतील. उपवासाच्या ताटामागेही हाच विचार दिसतो: धान्य सोडायचं आणि कंदमुळांवर राहायचं. नव्या पाहुण्यांपैकी बटाटा, रताळं, टॅपिओका जमिनीखालचे, भुईमुगाच्या शेंगाही जमिनीखालच्या आणि राजगिरा पालेभाजीचं बी. धान्यांच्या जुन्या यादीत यांपैकी कोणीच नव्हतं. त्यामुळे त्यांना ‘चालतं’च्या बाजूला जागा मिळाली. खुद्द ऋषीच्या भाजीतला लाल भोपळा आणि मक्याचं कणीसही अमेरिकेतलंच आहे.

गंमत म्हणजे भारतात हजारो वर्षं असलेली हळद अनेक मराठी घरांत उपवासाला चालत नाही, आणि नंतर आलेली मिरची चालते. एका घरात कोथिंबीर चालते, शेजारच्या घरात नाही. उत्तरेत कुट्टूचं पीठ हा उपवासाचा मुख्य पदार्थ, आपल्याकडे तो बहुतेकांनी पाहिलेलाही नाही. हे नियम घराघरांत, आजी-पणज्यांनी हाताशी असलेल्या जिन्नसांतून ठरवले. त्यांनी नवे पदार्थ पारखून घेतले म्हणून आपलं ताट एवढं चविष्ट झालं.

म्हणून ज्यांना साबुदाणा सोसत नाही त्यांनी तो कमी केला तर परंपरा मोडत नाही. उलट परंपरेने जे आजवर केलं, तेच आपणही करतो.

आणि गोळीचं काय?

व्रतांविषयीच्या ग्रंथांमध्ये एक जुना श्लोक येतो. कोणत्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही ते त्यात सांगितलं आहे. त्यात पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध आहे, आणि सर्वांत शेवटी स्पष्ट शब्दांत औषध आहे. रक्तदाबाची, हृदयाची, थायरॉइडची किंवा फिटची गोळी ‘आज उपवास आहे’ म्हणून चुकवण्याला धर्माचाही आधार नाही.

मधुमेहाच्या औषधांचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना निर्जळी उपवास करू नये. डोस स्वतःच्या मनाने बंद करू नका. उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, धडधड जाणवली आणि साखर ७०च्या खाली आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या. त्या वेळी उपवासाचा विचार करू नका. टाइप वन मधुमेह, गरोदरपण किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय उपवास नकोच. मूत्रपिंडाच्या रुग्णांना बटाटा, रताळं, केळं, खजूर आणि शहाळ्यातलं पोटॅशियमही बाधू शकतं.

यंदा काय शिजवाल?

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यावर केलेला विनोद आहे. तळलेले साबुदाणा वडे, बटाट्याचा चिवडा आणि वर बर्फी असं ताट झालं तर ती खरी ठरते. चव न सोडता ते असं बदलता येईल:

- वरईचा थोडा भात आणि दाण्याची आमटी, आमसूल घालून. भातापेक्षा आमटी जास्त घ्या.
- राजगिऱ्याच्या पिठात काकडी किसून लावलेलं थालीपीठ, सोबत दही.
- खिचडी हवीच असेल तर एक लहान वाटी, भरपूर दाण्याच्या कुटाची, आणि बरोबर काकडीची कोशिंबीर.
- गोडाऐवजी एखादं मोसमी फळ.

भगरीबद्दल एक सूचना. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. दमट हवेत भगरीवर आणि विशेषतः तिच्या पिठावर बुरशी धरते. सुटं पीठ विकत घेऊ नका. तारीख पाहून बंद पाकिटातली भगर आणा, निवडून, धुऊन ताजी शिजवा आणि पीठ लागेल तेवढंच घरी दळा. खाल्ल्यावर उलट्या, चक्कर किंवा हातपाय थरथरणं सुरू झालं तर घरी थांबू नका, रुग्णालयात जा.

घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, त्यांच्या लहानपणी एकादशीला काय शिजायचं. अनेक घरांत साबुदाण्याआधी वरई, रताळी आणि शिंगाड्याची नावं निघतील. त्यातला एखादा पदार्थ त्यांच्याकडून शिकून या चातुर्मासात करून पाहा.