गोणपाटावरचा सिंहगड

आपल्या वर्गातल्या धायरीकरांना सिंहगड पाहायला कुठे जावे लागत नसे. गच्चीवर चढले की समोर गड. म्हणून दिवाळीत आमच्या अंगणांत व्हायचे ते बहुतेक सिंहगडच. विटा-दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, हळीव पेरायचे. चार-पाच दिवसांत गड हिरवा.

आठवीत बाईंनी इतिहासाच्या प्रदर्शनासाठी किल्ला शाळेत आणायला सांगितला, तेव्हा पंचाईत झाली. चिखलाचा गड सायकलवर न्यायचा कसा? मग आम्ही दोघांनी गुंडाळता येईल असा गड करायचे ठरवले. आधी मैद्याच्या खळीत माती कालवून गोणपाटावर जाड थर दिला. गुंडाळताच त्याचे पापुद्रे सुटले. दुसऱ्यांदा फेव्हिकॉल पाण्यात सैल करून दोन पातळ हात दिले, ओले असतानाच रंगवलेला भुसा चाळला, वाटांवर बारीक वाळू टाकली. शाळेत खाली पुस्तके रचून वर गोणपाट अंथरले की डोंगर तयार!

हे खूळ फक्त आपले नाही, हे पुढे वाचनात आले. प्रशियात राइसविट्झ यांनी 1812 साली राजासाठी युद्धखेळाचे मेज बनवले. डोंगर-नद्यांचे तुकडे त्यावर हवे तसे मांडता येत. आमची लढाई मात्र होऊन गेलेली होती. ती फक्त खरी मांडायची होती.

तिथेच आम्ही चुकलो. कड्यावर आम्ही मातीची घोरपड चिकटवली होती. बाई म्हणाल्या, "घोरपड पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत कडा माणसेच चढतात. श्रेय त्यांना द्या." फेब्रुवारी 1670 मधल्या त्या रात्री तानाजी आणि उदेभान दोघेही पडले, म्हणून उदेभानाचे चित्रही त्यांनी ठेवायला लावले. तोवर आमच्या गडावर शत्रूच नव्हता; सगळ्यांना मावळेच हवे असत.

घोरपड काढली. पण प्रदर्शनाच्या सकाळी मी ती गुपचूप परत ठेवली. लहान मुले तीच बघायला येणार, हे मला माहीत होते. पाहुण्यांसमोर बाईंनी विचारले, "ही कुणी ठेवली?" मी खाली मान घातली. बोलणी जोडीदाराने खाल्ली. त्याने माझे नाव सांगितले नाही, तेव्हाही आणि नंतरही.

2017 मध्ये उरलेली धायरीही महापालिकेत गेली. आता गच्चीवरून गड दिसतो तो इमारतींच्या फटीतून. गेल्या दिवाळीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांसाठी पुन्हा गोणपाट अंथरले. एकाने विचारलेच, "काका, घोरपड कुठंय?" मी त्याला बाईंचे उत्तर दिले आणि मलाच ओशाळल्यासारखे झाले.

मेळाव्याला ते गोणपाट गुंडाळून आणतो आहे. बाई, घोरपड मी ठेवली होती. आणि मित्रा, तुझी माफी मागायला मला इतकी वर्षे लागली. ये, या वेळी कड्यावरचे मावळे तूच मांड.