फाइल बदलली हे कोण ठरवते? : आरसिंकच्या पर्यायांचा इतिहास

दोन संगणकांवरील फाइली एकसारख्या राखण्याच्या कामात, म्हणजेच सिंक्रोनायझेशनमध्ये, कोणती फाइल बदलली आहे हे ओळखणे हा मूळ प्रश्न असतो. प्रत्येक फाइल पूर्ण वाचणे वेळखाऊ असल्यामुळे फाइलव्यवस्थेने नोंदवलेल्या शेवटच्या बदलाच्या वेळेवर विसंबण्याची प्रथा युनिक्समध्ये लवकरच रुळली. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेले ‘मेक’ हे साधन याच नोंदीवरून कोणता प्रोग्राम पुन्हा बांधायचा हे ठरवत असे.

१९९६ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ‘आरसिंक’ प्रसिद्ध केले. बदललेल्या फाइलचे तुकडे पाडून, प्रत्येकाची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली छोटी पडताळणी-संख्या, ताडून केवळ वेगळा भाग पाठवण्याची त्याची रीत विख्यात झाली. परंतु मुळात कोणती फाइल तपासायची, याचा निर्णय आरसिंक मूळ सेटिंगनुसार आकार आणि वेळ या दोनच खुणांवरून घेते.

या खुणा सर्वत्र सारख्या विश्वसनीय नसतात. फॅट या फाइलव्यवस्थेत सेकंदांसाठी केवळ ५ बिट राखलेले असून त्यांत ३२ च मूल्ये मावत असल्याने वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते आणि न बदललेली फाइलही बदललेली भासते. म्हणून वेळेतील ठरावीक फरक दुर्लक्षिण्याचा ‘मॉडिफाय-विंडो’ हा पर्याय देण्यात आला. उलट व्हेराक्रिप्टसारखी कूटबद्धीकरणाची साधने आपल्या कंटेनर-फाइलची जुनी वेळ मूळ सेटिंगनुसार कायम ठेवतात आणि आकारही बदलत नाही, त्यामुळे आतला मजकूर बदलूनही आरसिंक ती फाइल वगळते. अशा वेळी ‘चेकसम’ पर्याय दोन्ही बाजूंच्या समान आकाराच्या फाइली संपूर्ण वाचून निर्णय घेतो, ‘इग्नोर-टाइम्स’ वेळ व आकार जुळले तरी फाइल वगळत नाही, तर ‘साइज-ओन्ली’ वेळेची नोंद बेभरवशाची असेल तेथे केवळ आकार पाहतो.

वेग आणि खात्री यांपैकी कशाला झुकते माप द्यायचे हे साधनाने परस्पर न ठरवता वापरणाऱ्याच्या हाती सोपवले, हेच या पर्यायांचे खरे महत्त्व आहे. ज्याच्या माहितीची प्रत एकच आहे, त्याने वेळेच्या नोंदीवर विसंबून न राहता अधूनमधून चेकसमने पडताळणी करणेच श्रेयस्कर होय.