गाडीची बॅटरी सारखी उतरते? आधी चार्जिंग तपासा, रिकॉलही बघा

रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला जावं आणि परत निघताना गाडीचा सेल्फच लागू नये, असं बऱ्याच जणांसोबत होतं. मग लोक थेट नवी बॅटरी टाकतात. पण दोष चार्जिंगमध्ये असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत बसते.

चार्जिंग कसं होतं : इंजिनासोबत मॅग्नेट फिरतो, कॉइलमध्ये वीज तयार होते. आरआर युनिट ती डीसी करून बॅटरीला बेताने देतं.

तपासणी : मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट, चालू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला पाहिजे. आकडा वाढतच नसेल तर कॉइल, आरआर युनिट किंवा वायरिंग बघून घ्या. १५ च्या वर गेला तर बहुतेक आरआर युनिट गेलेलं असतं. बॅटरी फुगते, बल्ब उडतात. कपलर वितळलेला दिसला तर गाडी चालवू नका, आगीचा धोका असतो. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघू नका.

रिकॉल : दोष बनावटीतच असेल तर कंपनी गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करते. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ गाड्या बोलावल्या होत्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर निरोप जुन्या मालकाच्या मोबाईलवर जाऊ शकतो. म्हणून आरसीवरचा चॅसिस नंबर शोरूमला दाखवून विचारून घ्या. रिकॉलच्या कामाचे पैसे देऊ नका.