स्तन काढल्यानंतर बाह्य कृत्रिम स्तन कसा वापरावा?

कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर बऱ्याच स्त्रिया पदर गच्च ओढून घेतात, लग्नकार्य टाळतात. आखाजीला माहेरी गेलं तर झोक्यावर कसं बसायचं, असाही प्रश्न मनात येतो. ब्लाउजच्या आत ठेवायचा कृत्रिम स्तन, म्हणजेच ब्रेस्ट प्रोस्थेसिस, हा यावरचा सोपा उपाय आहे. त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागत नाही. तो वापरायचा की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवायचं. न वापरल्याने आजार परत येत नाही आणि वापरल्यानेही येत नाही.

प्रकार

* कापसाचा किंवा सुती विणीचा: हलका असतो. टाके भरल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हाच वापरावा. ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या उपक्रमातील स्वयंसेविका सुती धाग्याचे स्तन हाताने विणून मोफत देतात.
* सिलिकॉनचा: वजन आणि आकार नैसर्गिक स्तनासारखा असतो, त्यामुळे तो जागेवर राहतो. स्तन मोठे असतील तर एका बाजूचं वजन गेल्याने काहींना खांदा व पाठ दुखते. अशा वेळी याचा उपयोग होतो. किंमत जास्त असते, पण नीट जपल्यास साधारण दोन ते पाच वर्षे टिकतो.

कधी सुरू करावा?

नळ्या निघून जखम भरल्यावर, डॉक्टरांना दाखवून हलका स्तन वापरता येतो. सिलिकॉनसाठी साधारण सहा ते आठ आठवडे थांबावं. रेडिओथेरपी चालू असेल तर त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत थांबावं लागतं.

ब्रा आणि ब्लाउज

ब्राचे पट्टे रुंद असावेत, तार नसावी. आतून मऊ सुती कापडाचा खिसा लावला की स्तन वर सरकत नाही. असा खिसा तुमची नेहमीची ब्लाउज शिवणारी ताईही लावून देईल. माप घेताना दोन्ही बाजू आरशात पाहा, हात वर करून आणि वाकूनही पाहा. पट्टा खांद्यात रुतत असेल तर सैल करा, विशेषतः त्या हाताला सूज येत असेल तर.

घरी पिशवी शिवून धान्य किंवा मोहरी भरू नका. घामाने ती ओलसर होते, बुरशी व किडे लागतात.

खानदेशातल्या उन्हाळ्यात

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिलिकॉन घाम शोषत नाही, म्हणून त्याखाली पातळ सुती कापड ठेवा. शेतात किंवा चुलीपुढे काम करताना सुती स्तन वापरा आणि सिलिकॉनचा बाहेर जाताना ठेवा. रात्री काढून ठेवा.

निगा

सिलिकॉनचा स्तन रोज सौम्य साबण व कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा आणि त्याच्या डब्यात ठेवा. सेफ्टी पिन, सुई, बांगडीची फुटकी काच यांपासून जपा. सुती स्तन हाताने धुऊन पूर्ण वाळवा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

* त्वचा लाल होणे, फोड किंवा जखम
* व्रणाजवळ किंवा काखेत गाठ
* हात सुजणे किंवा जड वाटणे
* व्रणाखाली पाणी साचल्यासारखी सूज, ताप

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील शल्यचिकित्सा विभागात दाखवता येईल. शस्त्रक्रिया मुंबई-नाशकात झाली असेल तर तिथली फाइल सोबत न्या. कृत्रिम स्तन वापरत असलात तरी छातीची तपासणी आणि दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यायलाच हवी.

घरच्यांसाठी

“आता या वयात काय गरज?” असं म्हणू नका. वय पंचविशीचं असो वा सत्तरीचं, आपलं शरीर कसं दिसावं हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. पहिल्यांदा माप द्यायला जाताना बहीण, सून किंवा पती सोबत असेल तर तिचा संकोच निम्मा होतो.